मी पट्टा सुलटाच बसवला होता

आधी एक खोटं खोडून काढतो. आमच्या घरात, सासुरवाडीत आणि आता तर अख्ख्या आंधळगावात असं सांगितलं जातं की मी गाडीचा पट्टा उलटा बसवला. परवा एका लग्नात जेवायला बसलो, तर वाढणारा गृहस्थ माझ्यापुढे थांबून म्हणतो, "काकाजी, पत्रावळ सुलटी हाये न? पाहून घ्या बरं." पंगतभर हशा. मी भातावरचं वरण गार होईपर्यंत त्याला समजावत होतो, पण अशा वेळी खरं ऐकायला कोण थांबतं?

खरं असं आहे की मी पट्टा सुलटा बसवला होता. सुलटा बसवला म्हणूनच घात झाला. ज्याला हा फरक कळत नाही त्यानं निदान हसू नये.

मी राइस मिलचा फिटर. अठ्ठावीस वर्षं तेच केलं. राइस मिल म्हटलं की बाहेरच्या माणसाला तांदूळ दिसतो, मला पट्टे दिसतात. जुन्या मिलमध्ये मोटर एकच असायची. ती छताखालचा एक लांबलचक लोखंडी दांडा फिरवायची, आणि त्या दांड्यावरच्या पुल्यांवरून एकेक पट्टा खाली एकेका मशिनीवर उतरायचा. एक धान वर चढवणाऱ्या एलिवेटरवर, एक टरफल काढणाऱ्या शेलरवर, एक पॉलिशवर, एक भुसा उडवणाऱ्या ब्लोअरवर. कॅनव्हास आणि रबराचे हे वीतभर रुंद पट्टे कापायचे, जोडायचे, ताणायचे आणि धावताना घसरू द्यायचे नाहीत, हे माझं काम. म्हणून मिलमध्ये मला सगळे पट्टेवाला म्हणत.

या नावानंही माझा अपमानच केला. माझी मुलगी मोनाली पहिलीत होती तेव्हा बाईंनी विचारलं, तुझे बाबा काय करतात? मोनानं अभिमानानं सांगितलं, पट्टेवाला आहेत. बाईंनी रजिस्टरात लिहिलं, शिपाई. मी दुरुस्तीचा अर्ज घेऊन शाळेत गेलो तर हेडमास्तर म्हणाले, "राहू द्या न जी. सरकारी तं वाटते." त्या शाळेत मी शेवटपर्यंत शिपाईच राहिलो.

असो. पट्ट्याला पोट असतं आणि पाठ असते. पोट पुलीला लागतं, पाठ बाहेर राहते. पट्ट्याची दोन टोकं जोडायला पत्र्याच्या दातेरी क्लिपा ठोकतात आणि त्यांचे दात वळून पाठीवर निघतात. कुणी पट्टा उलथा चढवला की ते दात पुलीवर टकटक आपटतात, अर्ध्या तासात जोड उघडतो आणि पट्टा चाबकासारखा सुटतो. अशा एका पट्ट्याची खूण माझ्या डाव्या खांद्यावर आहे. बायको तिला माझं मेडल म्हणते. त्यामुळे मिलमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो, पाठ बाहेर. ताण देणारी एखादी दाबचाकी पाठीला टेकली तर टेकू दे, ती नुसती दाबते. पण मशीन ओढायची ती पोटानंच. पाठीनं मशीन ओढणारा पट्टा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि जे मी पाहिलं नाही ते जगात नसतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

दुसरी गोष्ट मला एका म्हाताऱ्यानं शिकवली. सुरुवातीची काही वर्षं मी दिघोरीकडच्या एका मिलवर होतो. तिथं एक शेतकरी स्वतःच्या पोत्यावर बसून धान भरडून घ्यायचा. जागचा हलायचा नाही. माझा जीव खायचा. एकदा पट्टा कुईं कुईं करायला लागला, तसा मी त्यावर राळ चोळली. आवाज थांबला, दहा मिनिटांनी परत सुरू. पुन्हा राळ. पुन्हा आवाज. म्हातारा ओरडला, "अजी पट्टेवाले, त्या पट्ट्याले काहून मलम लावून राहिले? तो ओरडून सांगून राहिला न तुमाले, का खालची मशीन पाहा म्हनून!" मी चिडून मशीन बंद केली, त्याचं तोंड बंद करायचं म्हणून. खाली बेअरिंग कोरडंठाक होऊन जाम होत आलं होतं. तेव्हापासून पट्टा ओरडला की मी पट्ट्याकडे पाहत नाही, तो ज्यांच्यावरून जातो त्यांच्याकडे पाहतो.

आता गाडीकडे येतो.

गाडी माझ्या साळ्याची, शंकरची. त्यानं नवी घेतली तेव्हा जुनी डिझेल गाडी प्रेमानं आमच्या गळ्यात बांधली. मागच्या मे महिन्यात ती सकाळी चालू केली की किंचाळायला लागली. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोनाच्या कागदपत्रांची तपासणी होती. पोरगी दोन वर्षं रात्रंदिवस अभ्यास करून एका सरकारी खात्यात तंत्रज्ञाच्या जागेसाठी परीक्षा पास झाली होती. गुरुवारी सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात मूळ कागद घेऊन भंडाऱ्याच्या ऑफिसात हजर राहायचं. न येणाऱ्याचं नाव यादीतून कटणार. पत्रात हे ठळक अक्षरात छापलेलं होतं, आणि मोनाच्या आईनं ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

मंगळवारी मी गाडी भंडाऱ्याच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीनं बोनेट उघडलं, मोबाइल पाहत पाहत आत डोकावलं आणि म्हणाला, "किट टाकावी लागन काकाजी. पट्टा, सगळ्या पुल्या, सगळं. गाडी सोडून जा, शनिवारी येजा."

"मले गुरुवारी पाहिजे."

"मंग चालवा तशीच. नुसता पट्टाच तं हाये."

नुसता पट्टा! या दोन शब्दांनी माझं डोकं जे फिरलं ते फिरलं. सगळे मिलमालकही अठ्ठावीस वर्षं हेच म्हणत आले. अरे, नुसता पट्टा असेल तर काढून टाक आणि चालवून दाखव. या गाड्यांत तर एकच लांब पट्टा सापासारखा वळसे घेत सगळ्यांना फिरवतो. बॅटरी भरणारं अल्टरनेटर त्याच्यावर, स्टिअरिंग हलकं करणारा पंप त्याच्यावर, एसी त्याच्यावर आणि इंजिनात थंड पाणी खेळवणारा पंपही त्याच्यावर. आमच्या मिलमध्ये एक पट्टा तुटला तर एक मशीन थांबायची, बाकीच्या चालत राहायच्या. इथं कुण्या शहाण्यानं सगळं घर एका कमावत्यावर टाकलं आहे. शिवाय ताण घ्यायला एक वेगळी दाबचाकी ठेवली आहे, तिला टेन्शनर म्हणतात. आमच्या घरी ते काम बायको करते.

मी बोनेट आपटून बंद केलं, बाजारात गेलो, नवा पट्टा आणि, हाताशी असावा म्हणून, नवा टेन्शनर घेतला आणि घरी आलो. मशिनी फिरवणारा पट्टा मी बदलायचा नाही तर कोणी?

बायको म्हणाली, "अवो, कायले तरास घेता? तिले यष्टीनं जाऊ द्या न. सकाळी आठची गाडी रिकामी असते."

"दारात गाडी उभी असून माही पोरगी साहेबाच्या नोकरीसाठी लटकत जाईन?"

"साहेबाची नाई जी, तंत्रज्ञाची."

"मंग तं गाडी चालूच पाहिजे!" मी म्हणालो. यात काय तर्क होता ते मला अजून सापडलेलं नाही.

बुधवारी सकाळी अंगणात काम काढलं. बोनेटखाली पट्ट्याचा रस्ता दाखवणारं एक स्टिकर कंपनी लावते, ते शंकरनं गाडी धुऊन धुऊन घालवलं होतं. बॅटरीची तार सोडली. टेन्शनरला पाना लावून ओढला, पट्टा सैल पडला. तेवढ्यात मोना मोबाइल घेऊन आली.

"थांबा बाबा, काहाडू नोका. पयले फोटो घेतो."

"फोटो कायले? लगन हाये का त्याचं?"

तिनं घेतला. मी जुना पट्टा उतरवला आणि म्हाताऱ्याचा धडा आठवून एकेक पुली हातानं फिरवून पाहिली. बाकी सगळ्या गप्प, टेन्शनर खरखरत होता. ओरडणारा पट्टा, दुखणं टेन्शनरचं! गॅरेजवाल्याची अख्खी किट मी दोन बोटांनी रद्द केली होती. अंगात जे वारं भरलं ते तिथंच. नवा टेन्शनर बसवला आणि नवा पट्टा ओवायला घेतला.

गाडीच्या पट्ट्याच्या पोटावर लांब खाचा असतात, पाठ गुळगुळीत. अल्टरनेटरच्या पुलीवर खाचा होत्या, पोट तिथं चपखल बसलं. स्टिअरिंगवर खाचा, एसीवर खाचा. पाण्याच्या पंपाची पुली तेवढी गुळगुळीत होती. मी म्हटलं, घासून घासून गेल्या असतील खाचा. आणि पट्टा असा वळवला की त्या पुलीलाही पोटच लागेल. पाठ बाहेर. पट्टा जरा जास्त कडक बसला. नवा आहे, कडकच बसणार.

मोना फोटोत पाहून राहिली होती. "बाबा, या फोटोत पंपाच्या पुलीले पट्ट्याची पाठ लागून हाये."

"मंग पयले बसवनारा गधा असन."

"कंपनीतून आलेला पट्टा हाये तो. मामानं कधी बदललाच नाई."

"मोना, मी पट्टे बसवत होतो तवा तू पाळण्यात होती. पट्ट्याची पाठ काम नाई करत. समजलं?"

"समजलं," ती म्हणाली आणि घरात गेली. तिला समजलंच होतं. प्रश्न माझा होता.

गाडी चालू केली, एक आवाज नाही. गावात एक चक्कर मारली. शंकरला फोन करून सांगितलं की तुझी गाडी आता गाणं म्हणेल.

गुरुवारी साडेआठला निघालो. मोनाच्या मांडीवर कागदांची फाइल, माझ्या सीटमागं हत्यारांची पेटी. फिटर माणूस पान्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि देवाची दया की पडत नाही. मोहाडी मागं पडली. मी तिला पट्ट्यांवर व्याख्यान देत होतो. वरठीच्या अलीकडे ती एकदम म्हणाली, "बाबा, काटा पाहा."

पाणी तापल्याचा काटा लाल रेघेवर जाऊन बसला होता. गाडी बाजूला घेईपर्यंत बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी बोनेट उचललं. पट्टा जागेवर, पुल्या फिरताहेत, पंपही फिरतो आहे. इंजिन बंद केलं आणि तापलेल्या रस्त्यावर कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. मला राग आला. गाडीचा, कंपनीचा, उन्हाचा. मी टाकीच्या झाकणाकडे हात नेला तशी मोना ओरडली, "हात नोका लावू! उकळतं पानी अंगावर येईन!" हे मी तिला शिकवायला हवं होतं. मिलमध्ये धान उकडण्याच्या बॉयलरशेजारी माझी हयात गेली.

नऊ वाजून गेले होते. एक यष्टी आली, दारापर्यंत माणसं, थांबली नाही. दुसरीही तशीच. एक ऑटो आला, त्यात ड्रायव्हरच अर्धा बाहेर होता. मोनानं मामाला फोन लावला, की गाडी पाठवता का म्हणून. शंकर नागपुरात होता. पण फोनवरून त्याला जे करता आलं ते त्यानं केलं. तो म्हणाला, "भाऊजीनं पट्टा उलटा टाकला असन!" आणि मग, माझा अंदाज आहे, त्यानं लगेच पुढचे दहा फोन केले.

"उलटा नाई!" मी रस्त्यावरून ओरडलो. "सुलटा हाये! पोट सगळ्या पुल्यांना बरोबर..."

आणि बोलता बोलताच माझी नजर पंपाच्या गुळगुळीत पुलीवर गेली.

मिलमध्ये एकदा ब्लोअरची मोटर दुरुस्त होऊन आली होती आणि वायरमननं तारांची अदलाबदल केली होती. ब्लोअर उलटा फिरायला लागला. फिरताना अगदी बरोबर दिसायचा, आवाजही करायचा, थोडी हवासुद्धा द्यायचा. पण जोर नाही. भुसा तांदळातच राहायचा. पूर्ण एक दिवस आम्ही चाळण्या बदलत बसलो होतो. पट्ट्याचं पोट पुलीला लागलं तर पुली एका बाजूनं फिरते, पाठ लागली तर दुसऱ्या बाजूनं. हे मला माहीत नव्हतं का? फिरण्याची दिशा उलटवायला पट्ट्याला पीळ देऊन चढवण्याचं काम तर मी स्वतः शंभरदा केलं होतं. त्या पंपाला उलटंच फिरायचं होतं, म्हणून त्याला पाठ दिली होती, म्हणून त्याची पुली गुळगुळीत होती. सगळं तिथं लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही, आणि जिनं वाचून दाखवलं तिला पाळण्यात पाठवलं.

मी पेटीतून पाना काढला आणि म्हणालो, "फोटो काहाड."

"आता काहून? लगन लागलं का त्याचं?"

मी ते गिळलं. गिळण्यासारखंच होतं.

इंजिन हात लावण्याइतकं थंड व्हायला दीड तास गेला. तोवर मोनानं समोरच्या उन्हाळी धानाच्या शेतातल्या बोअरवरून दोन कॅन पाणी आणलं. मग मी टेन्शनर ओढून धरला आणि ती फोटोत पाहून सांगत गेली, "वरून घ्या. आता खालून. नाई बाबा, पंपाच्या बाहेरून. बाहेरून म्हंतो न! हां." अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी पट्ट्याची पाठ कामाला लावली. या वेळी पट्टा कडक बसला नाही, जितका ताण हवा तितकाच घेतला. पाणी भरलं, हवा निघू दिली, गाडी चालू केली. काटा अर्ध्यावर येऊन थांबला तो थांबलाच.

घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते. "चला," मी म्हणालो आणि सीटवर पडलेली फाइल उचलून तिच्या हातात दिली.

उचलली ती याच हातांनी. कागद बाहेर सरकले होते, ते मी अंगठ्यानं आत ढकलले.

भंडाऱ्याच्या ऑफिसात खिडकीपाशी आमचा नंबर आला तेव्हा साडेबारा झाले होते. टेबलामागचे साहेब एकेक कागद पाहत होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ते थांबले. जन्मतारखेच्या आकड्यांवर काळ्या ग्रीसचा अख्खा अंगठा उमटला होता. रेषा मोजता याव्यात इतका स्वच्छ.

"हे काय आहे? तारीख वाचता येत नाही. शाळेतून दुसरा दाखला आणा."

"केव्हापर्यंत, सर?" मोनानं विचारलं.

"आज एक वाजेपर्यंत."

माझा तोल गेला. "साहेब, तो अंगठा माहा हाये! तिचा काई संबंध नाई! मे महिन्यात शाळा कुठी उघडी राह्यते? अन् तुमच्या टेबलावर चहाचे डाग चालते, आमचा ग्रीसचा नाई चालत? पोरगी दोन वर्षं झोपली नाई, तिचं नाव माह्या अंगठ्यानं कटन का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात मोना माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुमी बाहेर बसा."

मी बाहेर जाऊन बसलो. दारातून दिसत होतं. तिनं दाखला साहेबांसमोर सरळ केला आणि बोटानं एक ओळ खाली दाखवली. "सर, डाग आकड्यांवर आहे. खाली जन्मतारीख अक्षरी लिहिली आहे. ती वाचता येते."

साहेबांनी चष्मा वर केला. अक्षरी तारीख ओठ हलवत वाचली. दहावीच्या सनदेवरच्या तारखेशी ताडून पाहिली. मग पुन्हा एकदा माझा अंगठा पाहिला, दारातून मला पाहिलं, आणि शिक्का मारला.

पुढे यादी लागली आणि तीत मोनाचं नाव होतं, हे इथंच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला टांगून ठेवणं मला आवडत नाही, आणि मला जो राग व्यक्त करायचा आहे तो नोकरीबद्दल नाहीच. मला राग याचा आहे की लोक म्हणतात, त्यानं पट्टा उलटा बसवला. उलटा बसवणारा माणूस चुकला तर ती चूक असते. सुलट्याच्या अहंकारानं चुकणं हा वेगळा आजार आहे, आणि तो मला आहे, हे मी स्वतः लिहून देतो आहे. मग निदान आजाराचं नाव तरी नीट घ्या.

ती बाहेर आली. मी विचारलं, "साहेब काई म्हनले का?"

"म्हनले, तुमच्या बाबांना हात धुवायचा नळ मागच्या बाजूले हाये."

मी धुऊन आलो. ती गाडीपाशी हात पुढे करून उभी होती. "चाबी."

मी दिली. पोरीनं दोन वर्षांपूर्वीच लायसन काढलं होतं, पण मी शेजारी असताना तिनं कधी गाडी चालवली नव्हती. म्हणजे मी चालवू दिली नव्हती. परतीच्या वाटेवर मी काट्याकडे पाहत बसलो, तिच्या हाताकडे पाहिलं नाही, आणि एक शब्द बोललो नाही.

एकदाच बोललो. मोहाडीच्या चढावर म्हणालो, "गिअर बदल."

तिनं बदलला नाही. गाडी व्यवस्थित चढली.